‘लग्न झालंय ना, मग नोकरी कशाला?’

‘तुमचं लग्न झालंय ना? मग नोकरी कशाला हवी?’ हा प्रश्न आपल्यापैकी कितीजणींनी ऐकलाय, ते मोजायला बसलं तर ही अख्खी पुरवणी पुरायची नाही. पण मी सांगतेय तो प्रसंग आपल्याकडचा नाही. तो आहे कॅनडातल्या एडमंटन शहरातला, १९६८ च्या सुमाराचा. समोर बसलेली मुलगी कायद्याच्या परीक्षेत पहिली आलेली, सुवर्णपदक मिळवलेली, शिवाय तत्त्वज्ञानाची एम. ए. वकिलाच्या हाताखाली उमेदवारी करायला जागा मागायला गेली होती. तिला कायद्यातलं काय येतं, हे विचारायचं सोडून समोरच्यांना पडलेला प्रश्न हा! मुलीचं नाव बेव्हर्ली मॅक्लॉक्लिन. पुढे जानेवारी २००० मध्ये ही मुलगी कॅनडाची सरन्यायाधीश झाली. त्या खुर्चीवर बसणारी पहिली बाई. आणि डिसेंबर २०१७ मध्ये निवृत्त झाली तेव्हा त्या देशात इतका दीर्घकाळ सरन्यायाधीश राहिलेलं दुसरं कुणी नव्हतं, ना बाई ना पुरुष.

मी स्वतः तालुक्याच्या कोर्टात बरीच वर्षं वकिली केली. त्यामुळे या बाईंचं २०१९ साली आलेलं आत्मचरित्र हातात पडलं, तेव्हा मी आधी तिच्या मोठेपणाच्या गोष्टी नाही, निकालांच्या गोष्टी शोधल्या. मोठी पदं मिळवलेल्या बाया आता जगात पुष्कळ आहेत, आनंदच आहे. पण त्या पदावर बसून त्यांनी लिहिलं काय, हे जास्त मोलाचं. आणि मॅक्लॉक्लिन बाईंच्या निकालांत तुमच्याआमच्या घरातलं इतकं काही सापडलं, की ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवेना.

आधी गाव. अल्बर्टा प्रांताच्या दक्षिणेला रॉकी पर्वताच्या पायथ्याशी पिंचर क्रीक नावाचं गाव आहे. ७ सप्टेंबर १९४३ ला तिथे तिचा जन्म झाला. पाच भावंडांत थोरली. आईवडील जर्मन वंशाचे, गुरांचा व्यवसाय आणि लाकडाचं काम करणारे. लाकडी ओंडक्यांचं घर, नळ नाही, सुरुवातीच्या काळात वीजही नाही. थोरल्या मुलीवर पडणारी सगळी कामं हिच्यावरही पडली असणार, ते आपल्याला कुणी सांगायला नको. पण घरात वाचनाला मात्र आडकाठी नव्हती. शाळेत असताना एकदा कल-चाचणी झाली. बाईंनी निकाल सांगितला, तो असा : वाचलेलं समजण्यात आणि लक्षात ठेवण्यात तू फार हुशार आहेस, पण मुलीच्या जातीला त्याचा काय उपयोग! आणि तुझं लक्ष इतकं कमी आहे, की टेलिफोन ऑपरेटर किंवा हॉटेलात वाढपी म्हणून तुझा काही निभाव लागायचा नाही. (आता मला सांगा, त्या चाचणीत न्यायाधीश नावाचा रकाना तरी होता का?)

कायद्याकडे ती वळली तीही गंमतच. एडमंटनच्या विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकत होती. कायदा शिकावा की काय असं मनात आलं, म्हणून तिथल्या प्रमुखांना माहिती विचारणारं एक पत्र टाकलं. उत्तर आलं ते थेट प्रवेश दिल्याचं! वर्गात मुली अगदी मोजक्या. १९६७ मध्ये रॉडरिक मॅक्लॉक्लिन यांच्याशी लग्न झालं, १९६८ मध्ये पदवी, १९६९ मध्ये सनद. आधी एडमंटन, मग ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या उत्तरेला फोर्ट सेंट जॉन नावाच्या आडगावी, मग व्हँकुव्हरच्या मोठ्या कचेरीत, अशी वकिली झाली. १९७४ पासून ती व्हँकुव्हरच्या विद्यापीठात कायदा शिकवू लागली. तिथे नोकरी कायम झाली, मुलगा झाला, आणि बहुधा आयुष्य तसंच चांगलं गेलंही असतं. पण एप्रिल १९८१ मध्ये तिला जिल्हा पातळीवरच्या न्यायालयात न्यायाधीश नेमलं. पाचच महिन्यांत प्रांताच्या वरच्या न्यायालयात. १९८५ मध्ये अपील न्यायालयात, १९८८ मध्ये प्रांताची मुख्य न्यायाधीश, आणि मार्च १९८९ मध्ये ओटावाला, देशाच्या सर्वोच्च न्यायालयात. जिल्ह्यापासून दिल्लीपर्यंत म्हणावं तसा हा प्रवास आठ वर्षांत!

आता मी ज्यासाठी लिहायला बसले, ते.

तिच्याच अल्बर्टात, तिच्या गावासारख्याच गुराढोरांच्या मुलखात आयरीन मर्डॉक नावाची एक बाई होती. १९४३ साली लग्न झालेलं. नवरा वर्षातले पाच-पाच महिने कामासाठी बाहेर. मागे गवत कापणं, वाळवणं, ट्रॅक्टर आणि ट्रक चालवणं, गुरं चरायला नेणं-आणणं, त्यांना लस टोचणं, डाग देणं, शिंगं काढणं हे सगळं आयरीन करायची. पंचवीस वर्षं. १९६८ मध्ये दोघं वेगळी झाली, तेव्हा तिने त्या जमिनीत वाटा मागितला. खालच्या न्यायालयाचं म्हणणं पडलं, की हिने केलं त्यात विशेष काय, अशा घरातली कुठलीही बायको एवढं करतेच. ऑक्टोबर १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही चार विरुद्ध एक मतांनी तिला रिकाम्या हाती परत पाठवलं. एकटे न्यायमूर्ती बोरा लास्किन तिच्या बाजूने उभे राहिले. कागदावर नाव नवऱ्याचं, मग जमीन नवऱ्याची.

बाई कोर्टात आली, की प्रतिज्ञापत्रावर वय लिहायचं, मग ‘धंदा’ या शब्दापुढे काहीतरी लिहायचं. मी विचारायची, ‘ताई, तुम्ही काय करता?’ दहापैकी आठजणी म्हणायच्या, ‘काही नाही हो मॅडम, घरीच असते.’ पहाटे चारला उठून म्हशीची धार काढून, डबे करून, खुरपणीला जाऊन आलेली बाई! आणि मी लिहायची : धंदा – घरकाम. आयरीनबद्दल वाचताना तो रकाना सारखा डोळ्यांसमोर येत राहिला.

त्या निकालावर कॅनडातल्या बायका भयंकर चिडल्या. सभा झाल्या, पत्रं गेली, आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीपर्यंत बऱ्याच प्रांतांनी कायदे बदलले. संसारात मिळवलेल्या मालमत्तेत बायकोचा वाटा धरायला सुरुवात झाली. पण ते लग्नाच्या बायकांसाठी. लग्न न करता वर्षानुवर्षं संसार केलेल्या बायकांचं काय? ते प्रकरण १९९३ मध्ये मॅक्लॉक्लिन बाईंसमोर आलं.

कॅथरीन पीटर आणि विल्यम बेब्लो. ब्रिटिश कोलंबियातलं सिकामूस हे छोटं गाव. बेब्लोच्या घरी आधी घर आणि मुलं सांभाळायला एक पगारी बाई होती, महिना ३५० डॉलर. १९७३ मध्ये कॅथरीन तिच्या मुलांना घेऊन राहायला आली, आणि साहजिकच पगारी बाईची गरज संपली! बारा वर्षं कॅथरीनने दोघांची मिळून सगळी मुलं वाढवली, स्वयंपाक, धुणंभांडी, बाग, कुंपणाची रंगरंगोटी, कोंबड्या पाळल्या, डुकरांसाठी खोपटं बांधलं. मधूनमधून बाहेर स्वयंपाकाची कामंही केली. तिच्या फुकटच्या कामामुळे बेब्लोला घराचं कर्ज फेडता आलं. १९८५ मध्ये फाटलं. घर त्याच्या नावावर. त्याचं म्हणणं, तिने जे केलं ते प्रेमापोटी केलं, त्याचे पैसे कसले?

खालच्या न्यायाधीशांनी चक्क हिशेब मांडला होता. महिना ३५० डॉलर, त्यातून तिच्या राहण्याखाण्याचे निम्मे वजा, बारा वर्षांचे झाले २५,२०० डॉलर. आणि तेवढ्यापोटी घरच तिला देऊन टाकलं होतं. अपिलात ते तिच्या हातून गेलं. सर्वोच्च न्यायालयाने परत दिलं. बहुमताचं निकालपत्र मॅक्लॉक्लिन बाईंचं. त्यात त्यांनी म्हटलं, की घरकाम आणि मुलं सांभाळणं याला मोल नाही असं मानणं म्हणजे बायका संसारात जी भर घालतात तिचं पद्धतशीरपणे अवमूल्यन करणं. आणि बायकांच्या वाट्याला जे दारिद्र्य येतं, त्यात या समजुतीचाही हात आहे. प्रेमाने केलं म्हणून ते काम फुकट ठरत नाही. मला हा निकाल वाचताना त्या ३५० डॉलरवाल्या पगारी बाईचंच जास्त कौतुक वाटलं. तिला कल्पनाही नसेल, पण तिच्या पगारामुळे एका अनोळखी बाईच्या बारा वर्षांना आकडा मिळाला.

दुसरी गोष्ट टॉनी मेयोरिनची. ही जंगलातला वणवा विझवणाऱ्या पथकात होती. तीन वर्षं काम केलं, कुणाची तक्रार नाही. मग सरकारने शारीरिक क्षमतेच्या नव्या चाचण्या आणल्या, त्यात अडीच किलोमीटर ११ मिनिटांत पळायचं. टॉनीने चार वेळा प्रयत्न केला. सगळ्यात चांगली वेळ ११ मिनिटं ४९.४ सेकंद. गेली नोकरी! सप्टेंबर १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली, बुडालेल्या पगारासह. एकमताचं हे निकालपत्रही मॅक्लॉक्लिन बाईंनीच लिहिलं. त्यांचा मुद्दा साधा होता : अकरा मिनिटांत पळणारा माणूसच आग नीट विझवतो, हे तुम्ही कशावरून ठरवलं? पुरुषांपैकी ६५ ते ७० टक्के पहिल्या प्रयत्नात पार व्हायचे, बायकांपैकी ३५ टक्केच. नियम सगळ्यांना सारखा आहे म्हणून तो न्याय्य ठरत नाही. नियम कुणाच्या मापाने शिवलाय तेही बघावं लागतं. त्यानंतर कॅनडात नोकरीच्या ठिकाणचा कुठलाही असा नियम तपासताना हाच निकाल पुढे धरला जाऊ लागला.

इथवर वाचून वाटेल, की बाई कायम बायकांच्या बाजूने. तसं मुळीच नाही, आणि म्हणूनच मला त्या जास्त खऱ्या वाटतात.

ऑगस्ट १९९१ चा एक निकाल आहे. कॅनडात बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी बाईच्या पूर्वायुष्याबद्दल, तिच्या आधीच्या संबंधांबद्दल उलटतपासणीत विचारायला कायद्याने जवळजवळ पूर्ण बंदी घातली होती. बायकांच्या चळवळीने मोठ्या कष्टाने मिळवलेला हा कायदा. मॅक्लॉक्लिन बाईंनी सात विरुद्ध दोन अशा बहुमताचा निकाल लिहिला आणि ते कलम रद्द केलं! त्यांचं म्हणणं, बंदीमागचा हेतू बरोबर आहे, पण ती इतकी सरसकट आहे की एखादा निर्दोष माणूस स्वतःचा बचाव करू शकणार नाही आणि तुरुंगात जाईल. खंडपीठावरच्या दुसऱ्या बाई, न्यायमूर्ती क्लेअर लर्यू-ड्युबे, यांनी कडाडून विरोधी मत लिहिलं. बाहेर महिला संघटना संतापल्या. बाईनेच बाईचा घात केला, असा सूर निघाला.

मी ज्या कोर्टात उभी राहिले तिथे असल्या प्रश्नांनी पिळवटून निघालेल्या मुली पाहिल्यात. त्यामुळे माझं मन आजही लर्यू-ड्युबे बाईंच्या बाजूला झुकतं, हे कबूल करते. पण मॅक्लॉक्लिन बाईंनी कलम रद्द करून मोकळं मैदान सोडलं नव्हतं. बाई ‘तसली’ आहे म्हणजे ती या वेळीही राजी असणार, आणि ‘तसली’ बाई खरं बोलत नसते, या दोन गैरसमजांना न्यायालयात अजिबात थारा नाही, हे त्यांनी त्याच निकालात बजावलं, आणि न्यायाधीशांनी काय विचारू द्यायचं नाही त्याची चौकटही घालून दिली. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, संसदेने महिला संघटनांशी बोलून नवा कायदा केला. त्यात ती चौकट तर आलीच, शिवाय ‘संमती’ म्हणजे काय याची व्याख्याही आली. मूळ कायद्यात ती इतकी स्पष्ट नव्हती. म्हणजे झालं ते भल्यासाठीच का? इतकं सरळ मला म्हणवत नाही. मधल्या वर्षभरात कोर्टाची पायरी चढलेल्या बायकांना विचारायला हवं.

१९९९ मध्ये असंच एक प्रकरण आलं. सतरा वर्षांची मुलगी नोकरीच्या मुलाखतीला गेली, मुलाखत घेणाऱ्याने व्हॅनमध्ये तिच्याशी लगट केली, ती नको-नको म्हणत राहिली. अल्बर्टाच्या अपील न्यायालयातल्या न्यायमूर्ती मॅक्लंग यांनी आरोपीला सोडताना तिच्या कपड्यांवर शेरा मारला. सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला दोषी ठरवलं; आणि मॅक्लॉक्लिन बाईंनी वेगळं छोटं मत जोडून लिहिलं, की असल्या ठोकळेबाज समजुतींना कॅनडाच्या कायद्यात आता जागा नाही.

या मॅक्लंग आडनावाला एक इतिहास आहे. ते नेली मॅक्लंग यांचे नातू. नेली म्हणजे अल्बर्टातल्या त्या पाच गाजलेल्या बायांपैकी एक. एमिली मर्फी, हेन्रिएटा एडवर्ड्स, लुईझ मॅकिनी, आयरीन पार्लबी आणि नेली, अशा पाचजणींनी १९२७ मध्ये न्यायालयाला विचारलं होतं, की कायद्यातल्या ‘व्यक्ती’ या शब्दात बाई येते का? १९२८ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, नाही येत! बाईला सिनेटवर बसता येणार नाही. पाचजणी लंडनला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेल्या आणि १८ ऑक्टोबर १९२९ ला जिंकल्या. त्यातल्या हेन्रिएटाबाई राहायच्या फोर्ट मॅक्लाउडला, पिंचर क्रीकपासून अगदी जवळ. ज्या न्यायालयाने बाईला ‘व्यक्ती’ मानायला नकार दिला, त्याच्याच प्रमुखपदी त्याच पट्ट्यातली मुलगी एकाहत्तर वर्षांनी बसली.

आणि हे ‘व्यक्ती’चं दुखणं काही फक्त तिकडचं नव्हतं. १९१६ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने रेजिना गुहा यांना वकिलीची परवानगी नाकारली, तीही याच मुद्द्यावर, की कायद्यातल्या ‘व्यक्ती’मध्ये बाई बसत नाही. आपल्या नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ऑक्सफर्डला कायदा शिकून आल्या, तरी वर्षानुवर्षं त्यांना वकील म्हणून उभं राहता आलं नाही. १९२३ चा कायदा झाला तेव्हा कुठे हिंदुस्थानातल्या बायकांना काळा कोट मिळाला.

१९८८ मध्ये बाई प्रांताच्या मुख्य न्यायाधीश झाल्या त्याच सुमाराला रॉडरिक कॅन्सरने गेले. शाळकरी मुलाला घेऊन त्या पुढच्या वर्षी ओटावाला आल्या. शेवटच्या दिवसांत नवऱ्याने यातनांतून सुटका मागितली होती, आणि ती देणं कायद्याने शक्य नव्हतं, हे त्यांनी आत्मचरित्रात लिहिलंय. १९९३ मध्ये स्यू रॉड्रिग्ज नावाच्या, हातापायांतली शक्ती हळूहळू जात चाललेल्या बाईने डॉक्टरच्या मदतीने मरण्याचा हक्क मागितला. पाच विरुद्ध चार मतांनी ती हरली. चारांत मॅक्लॉक्लिन बाई होत्या. पुढच्या फेब्रुवारीत, नाव न सांगितलेल्या एका डॉक्टरच्या मदतीने, स्यू गेली. फेब्रुवारी २०१५ मध्ये तोच प्रश्न परत आला, तेव्हा न्यायालयाने एकमताने ती बंदी उठवली. बावीस वर्षांपूर्वीच्या खंडपीठावरच्या एकट्या मॅक्लॉक्लिन बाई तेवढ्या उरल्या होत्या, आता प्रमुख म्हणून. अशा निकालामागे घरातलं दुःख किती आणि कायद्याची पुस्तकं किती, हे बाहेरून कुणी सांगू नये. मीही सांगत नाही.

सरन्यायाधीशपदाची सतरा वर्षं मी झरझर सांगते. २००४ मध्ये नऊजणांच्या खंडपीठावर चार बाया होत्या. २००५ च्या जुलैत गव्हर्नर जनरल आजारी पडल्या, म्हणून समलिंगी विवाहाच्या कायद्यावर संमतीची सही बाईंनी केली. २०१४ मध्ये मूळच्या रहिवासी त्सिल्कोतिन लोकांचा सुमारे १,७५० चौरस किलोमीटर जमिनीवरचा हक्क मान्य करणारा निकाल त्यांनी लिहिला. असा हक्क न्यायालयाने प्रत्यक्ष जाहीर केल्याची ती देशातली पहिली वेळ. त्याच वर्षी पंतप्रधान स्टीफन हार्पर यांच्याशी खडाजंगी झाली. सरकारने नेमलेला एक न्यायाधीश अपात्र ठरवला, म्हणून पंतप्रधानांच्या कार्यालयाने बाईंवरच ठपका ठेवायचा प्रयत्न केला. बाईंनी शांतपणे, तारखांनिशी खुलासा दिला. देशभरचे वकील त्यांच्या मागे उभे राहिले, आणि न्यायविदांच्या आंतरराष्ट्रीय मंडळानेही टीकेत तथ्य नसल्याचं सांगितलं.

निवृत्तीनंतर २०१८ मध्ये त्यांनी हाँगकाँगच्या सर्वोच्च न्यायालयात अर्धवेळ न्यायाधीशपद घेतलं. तिथे चीनचा फास आवळत गेला, इतर परदेशी न्यायाधीश एकेक करून बाहेर पडले, तरी या मुदत संपेपर्यंत, २०२४ च्या जुलैपर्यंत, राहिल्या. न्यायालय अजून स्वतंत्र आहे, असं त्या म्हणत राहिल्या. मायदेशात यावर खूप टीका झाली, आणि मला ती रास्त वाटते. इतकी वर्षं सरकारच्या डोळ्याला डोळा भिडवलेल्या बाईने तिथे इतकं का थांबावं, ते मला अजून उमगलेलं नाही.

बाकी आता त्या चक्क रहस्यकथा लिहितात. पहिली कादंबरी २०१८ मध्ये आली, दुसरी २०२१ मध्ये, तिसरी २०२४ मध्ये, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी. नायिका जिली ट्रुइट, व्हँकुव्हरमधली फौजदारी वकील. आणि ती आरोपींच्या बाजूने लढते.